केवडा पडलेली चाळीस झाडं

नुसत्या उन्हावर झाडं वाढत असती, तर आमच्या पाथर्डी तालुक्यात अरण्य माजलं असतं. ऊन आम्हाला कधी कमी पडलं नाही. तरीही नगरच्या एका शाळेत बावीस वर्षं मी मुलांना शिकवत आले, की झाड सूर्यप्रकाशात आपलं अन्न आपणच तयार करतं. फळ्यावर सूर्य काढायचा, बाण काढायचे, एक मोठं पान काढायचं. परीक्षेत 'झाडाला वाढायला काय लागतं' या प्रश्नाला कुणी 'ऊन आणि पाणी' एवढंच लिहिलं तरी मी पूर्ण गुण देऊन टाकायचे. जमिनीतून झाडाला काय काय लागतं, तो भाग वर्षाच्या शेवटी यायचा आणि तोवर सगळ्यांनाच घाई झालेली असायची. मी तो वाचून दाखवायचे आणि पुढं सरकायचे.

माझ्या धाकट्या बहिणीला मात्र तो भाग मी अगदी नीट शिकवला, फोनवर, उदाहरणं देऊन. त्याचं पुढं जे झालं ते लिहून काढते आहे, कारण ते आत ठेवून आता फळ्यापुढं उभं राहवत नाही.

आम्ही दोघी ऊसतोड्यांच्या मुली. दिवाळी झाली की आईवडील कारखान्याच्या भागात निघायचे, ते उन्हाळ्यात परतायचे. मी मोठी म्हणून मला वसतिगृहात घातलं. ती लहान, तिला मागं ठेवायला घरात कुणी नव्हतं, म्हणून ती त्यांच्याबरोबर गाडीत. वसतिगृहातलं वरण पाण्यासारखं असायचं, आम्ही मुली त्याला नावं ठेवायचो, पण ते दोन वेळा आणि ताटात मिळायचं. ती उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, भाकरी आणि ठेच्यावर वाढली. दहाव्या वर्षी मोळ्या बांधायला लागली. तिची उंची माझ्या खांद्याशी येऊन थांबली. पाव्हणेरावळे म्हणायचे, धाकटी आईच्या वळणावर गेली. आईही तशीच भाकरी-ठेच्यावर वाढलेली होती, म्हणून दोघी सारख्या दिसत होत्या, हे माझ्या डोक्यात शिरायला मला विज्ञानाची शिक्षिका व्हावं लागलं आणि त्यानंतरही बरीच वर्षं जावी लागली.

तिचं लग्न तालुक्यातच झालं. नवरा सरळ माणूस, दारूच्या वाटेला न जाणारा, पण त्याच्याही घरी कोयताच. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला कुणी टोळीत घ्यायला राजी नसतं. म्हणजे लग्न होऊनही बहिणीची वाट तीच राहिली, फक्त गाडी बदलली.

या वाटेवरून उतरायचा एक बेत मात्र त्या दोघांनी केला होता. घराला लागून त्यांचं माळाचं थोडं रान होतं, पांढरट, चुनखडीचं. कुळीथसुद्धा तिथं रडतखडत यायचा. कर्जतकडं लोक लिंबाच्या बागांवर नीट पोट भरतात, हे तिनं फडातल्या बायकांकडून ऐकलं होतं. तिथून तिनं नवऱ्याकडून चाळीस रोपं आणवली. माळावर खड्डे खणले, डोक्यावरून पाणी वाहून घातलं. फडावर जाताना सासूला बजावून जायची, की मला दोन घास कमी ठेवा पण झाडांचं पाणी चुकवू नका. सासू ते सगळ्या गावाला सांगून हसायची. लिंबं धरायला लागली की कोयता खुंटीला, असं बहीण म्हणायची. ती फारसं काही मागणारी नव्हती. हे एक मागणं तिनं धरून ठेवलं होतं.

तीन वर्षं झाडं कशीबशी वाढली. चौथ्या वर्षी भाद्रपदात तिचा फोन आला.

"आक्का, पानं पिवळी पडाय लागलीत. फोटू टाकलाय, बघ."

मी फोटो पाहिला. जुनी पानं बरी होती. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, आणि त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्यागार, पेननं आखल्यासारख्या. आमच्याकडं याला केवडा पडला म्हणतात.

"काय घातलंस?"

"ह्यांनी युरिया घातला. सगळे म्हनले पिवळं हाय म्हंजे युरिया. तर लईच पिवळी झाली."

पिवळं दिसलं की युरिया, हा आमच्या भागाचा धर्मच आहे. मी वैतागले आणि मग मास्तरणीचा आवाज लावून तिला शिकवायला बसले. म्हटलं, पान ऊन पकडतं ते त्याच्या हिरव्या रंगानं. चुलीत जाळ कितीही असू दे, वर तवाच नसेल तर भाकरी कशावर टाकशील? हिरवा रंग म्हणजे पानाचा तवा. तो तयार व्हायला लोह लागतं, अगदी चिमूटभर, पण ते नसेल तर वरून कितीही ऊन ओतलं तरी झाड उपाशीच राहतं.

"मग जमिनीत लोखंड न्हाई?"

"आहे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात ना, तुझ्या रानात उलटं आहे. आडात भरपूर आहे, पोहऱ्यात येत नाही. चुनखडी ते धरून ठेवते, मुळांना देत नाही."

ती म्हणाली, "सासूसारखं झालं की." दोघी हसलो.

उपाय साधा होता. हिराकस नावाची हिरवट खडे असलेली पूड मिळते, तो लोहाचाच क्षार. मुळाशी घालून उपयोग नाही, जमीन तेही गिळणार. पाण्यात विरघळवून पानांवर मारायचं, लिटरला पाच ग्रॅम, वर थोडा लिंबाचा रस. मी तिला सगळं दोनदा सांगितलं. तिला तेव्हा तिसरा महिना संपत आला होता. आधी दोनदा पोट राहून गेलेलं, त्यामुळं ही बातमी तिनं मलासुद्धा उशिरानं सांगितली होती. मी बोलता बोलता म्हणाले, "आशाताईनं तुला रक्त वाढायच्या लाल गोळ्या दिल्या असतील ना? त्यात आणि हिराकसात एकच वस्तू आहे बघ. तूही पिवळी, तुझी झाडंही पिवळी. दोघांना औषध एकच."

हे वाक्य मला फार आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीतही मी ते ऐकवलं.

हिराकस मीच आणते, असंही मी तिला म्हणाले. नगरच्या बाजारात ते कुठंही मिळतं, माझ्या घरापासून दुकान चालत दहा मिनिटांवर. महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी तिच्याकडं गेले. साडी नेली, पेढे नेले, तिच्या सासूला औषधी तेल नेलं. हिराकस विसरले. तिनं विचारलंही नाही. मलाच एसटीत बसल्यावर आठवलं. मग घटाला येईन तेव्हा आणते म्हटलं. घटात शाळेची सहामाही आली, पेपर तपासायचे होते, जाणं झालं नाही. पाथर्डीला जाणारी माणसं रोज भेटत होती, कुणाच्याही हाती पुडी देता आली असती. मी आळस केला. याला दुसरा सभ्य शब्द मी पुष्कळ शोधला, सापडला नाही.

दिवाळीच्या सुमाराला तिनं पुन्हा फोटो पाठवला. एका झाडाचा शेंडा. पिवळ्या पानांवर हिरवे ठिपके उमटलेले, काही पानं तर पुरती हिरवी. खाली आवाजात निरोप, "आक्का, तू म्हनली तसं केलं. चार झाडांना मारलं, चारी फिरली बघ."

मला इतका आनंद झाला, की हिराकस कुठून आणलंस हे मी विचारलंच नाही. नवऱ्यानं आणलं असेल असं धरून चालले, आणि माझ्या डोक्यावरचं ओझंही त्यानं परस्पर उतरलं. तो फोटो मी वर्गात दाखवला. माझी बहीण चौथी शिकलेली आहे आणि तिनं हा प्रयोग केला, असं छाती फुगवून सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्यात ती दोघं टोळीबरोबर निघाली, उत्तरेला, नदीकाठच्या उसात. पाचवा महिना सरत आला होता. "जाऊ नकोस" असं मी एकदा म्हणाले. ती म्हणाली, "मग ह्यांनी येकट्यानं काय करायचं?" आणि मी पुढं बोलले नाही. कोयता म्हणजे काय ते मला काही नव्यानं कळायचं नव्हतं.

जानेवारीत एका सकाळी दुसऱ्या तासाला तिच्या नवऱ्याचा फोन आला. मोळी डोक्यावर घेऊन ती ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढत होती. मधेच डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती खाली आली. रक्त थांबत नव्हतं. जवळच्या दवाखान्यानं हात वर केले होते आणि त्यांना गाडीत घालून नगरला पाठवलं होतं. मी खडू तसाच हातात घेऊन रिक्षात बसले.

दवाखान्यात पोचले तेव्हा मूल झालेलं होतं. मुलगी. सातव्या महिन्यातली, काचेच्या पेटीत ठेवलेली. मला दारातून पाहू दिलं. मी एवढं लहान माणूस तोवर पाहिलं नव्हतं. बहीण दुसऱ्या मजल्यावर होती आणि तिला रक्त चढवत होते.

डॉक्टरबाई तरुण होत्या, डोळे झोप न झाल्यानं सुजलेले. त्यांनी बहिणीची खालची पापणी बोटानं ओढून मला दाखवली. आतला भाग पांढराफटक होता, खडूसारखा. त्यांनी तिच्या नवऱ्याला विचारलं, "हिला गोळ्या दिल्या नव्हत्या का गावात? लाल गोळ्या?"

"दिल्या हुत्या की. आमी भाईर जानार म्हनून तीन महिन्याच्या येकदमच दिल्या हुत्या."

"मग खाल्ल्या नाहीत?"

तो खाली बघत म्हणाला, "झाडास्नी मारल्या."

डॉक्टरबाईंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मला एका क्षणात सगळं समजलं. मी तिथल्या बाकड्यावर बसले. त्यानं सांगितलं ते असं. एकेक पाकीट फोडून तिनं गोळ्या पाट्यावर वाटल्या, पाण्यात भिजवल्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळल्या, लिंबू पिळलं. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईनं भोकं पाडली आणि पान न पान भिजवलं. तीन महिन्यांच्या गोळ्यांत चार झाडं झाली. सासू म्हणतच होती की त्या गोळ्यांनी पोर काळं निपजतं, आणि खाल्ल्या की बहिणीला उलट्याही व्हायच्या. त्यामुळं घरात कुणी अडवलं नाही.

"आक्कांनीच सांगितलं हुतं म्हने," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मी शिकलेली, मी सांगितलं म्हणजे ते बरोबरच असणार, असं त्याचं मत अजूनही होतं.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी कोण, काय करते, हे त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्या काही लागट बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "एका गोष्टीनं असं होत नाही. ओझं आहे, जेवण नाही, आधीचे दोन गर्भ गेलेले. अंगात साठाच नव्हता. गोळ्यांनी थोडा आधार मिळाला असता." आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

मुलगी दोन दिवस जगली. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. तिच्या बापानं आणि मी तिला नेलं. तो एकदाही रडला नाही. परत येताना त्यानं मला विचारलं, "आक्का, हिला कसं सांगायचं?" मी रोज चाळीस मुलांपुढं बोलणारी बाई, मला एक वाक्य सुचलं नाही. शेवटी त्यानंच सांगितलं.

त्या दिवशी दुपारी मी तिच्या खाटेपाशी बसले होते. तिचे ओठ पांढरे होते, पण रक्त चढवल्यानं बोलण्यात थोडा जीव आला होता. मला तिची क्षमा मागायची होती. खरं तर तिनं मला शिव्या घालाव्यात असं वाटत होतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तेवढी पुडी मला आणून देता आली नाही."

"मी वाट बघितली तुजी," ती म्हणाली. "पयल्यांदा म्हनलं घटाला येईल. मग म्हनलं दिवाळीला येईल. मग गाडी भरायचा दिस जवळ आला."

"दुकानातून घ्यायचं होतं गं."

"ह्यांनी इचारलं हुतं. दुकानदार म्हनला, हिराकस काय करता, युरिया न्या. आन तूच म्हनली न्हाई का, दोनीत येकच हाय म्हनून."

"पण मी गंमतीनं म्हटलं होतं. गोळ्या तुझ्यासाठी होत्या. तुझ्या पोरीसाठी होत्या. इतकं कळत नव्हतं का तुला?"

हे बोलल्यावर माझी मलाच लाज वाटली. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखाद्या ढ मुलीला पुन्हा समजावून सांगावं तशी ती सावकाश बोलली.

"कळत हुतं की. मला येडी समजती का तू? पन झाडं लागली असती तर हितून फुडं कोपीत यावं लागलं नसतं. पोरगी पोटात हुती, तिला मी हुते. झाडांना कोन हुतं?"

वनस्पतींच्या पोषणाचा धडा मी बावीस वर्षं शिकवला, पण अपुरं असेल ते कुणाला द्यायचं हा प्रश्न त्यात कधी आला नव्हता. तिनं तो एकटीनं सोडवला होता, पाट्यावर गोळ्या वाटत. तिचं उत्तर चुकलं असेल. पण माझ्या उत्तरासारखं ते आळसातून आलेलं नव्हतं. आईच्या पोटातल्या मुलाला आई पुरते, असं तिला वाटलं. तिला कुणी कधी पुरेसं दिलं नव्हतं आणि तरी ती जगली होती, मग तिनं दुसरं काय मानायचं?

आठ दिवसांनी तिला सोडलं. मी म्हटलं, महिनाभर माझ्याकडं राहा, खा, झोप, मग बघू. तिनं ऐकलं नाही. हंगाम अर्धा बाकी होता, नवऱ्याला टोळीत एकटं कुणी घेणार नव्हतं. "मी बसून मोळ्या बांधीन, वझं न्हाई उचलायची," असं तिनं कबूल केलं. ती तो शब्द पाळणार नाही हे मला माहीत होतं. फळीवर चढायला माणूस कमी पडलं की तिला हाक येणार आणि ती उठणार. मी भांडले. स्टँडवर चार माणसं बघायला लागली इतकं भांडले. नवऱ्यालाही बोलले, तो बिचारा पिशव्या घेऊन उभा राहिला.

"आक्का, तुज्या घरी मी किती दिस ऱ्हानार?" ती म्हणाली. "येक महिना? मग?"

मी पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं. दवाखान्यातून मी चार महिन्यांच्या मागून घेतल्या होत्या. तिच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "एक आत्ता घे. माझ्यासमोर."

तिनं पाकिटातून एक लाल गोळी काढली. नवऱ्यानं बाटली पुढं केली. गोळी गिळताना तिला उमासा आला, तो तिनं तोंडावर पदर धरून दाबला. मग तोंड उघडलं, जीभ वर केली आणि मला दाखवली, आत काही लपवलेलं नाही हे मला दिसावं म्हणून.

"गेली बघ," ती म्हणाली. "आता तू जा. तुजा तास बुडल."

जीप भरली आणि निघाली. त्या गोळीची तिला गरज होतीच. पण तिनं ती घेतली माझ्यासाठी, मला शाळेत परत जाता यावं म्हणून. आणि मी शाळेत गेले.